आमचा जंबो आणि बाकीचे

महिन्यातल्या दोन-तीन रविवारी तरी सकाळी साडेआठच्या सुमारास माझ्या भावाचा फोन येतो आणि तो एकच वाक्य बोलतो, "ताई, आज माझा ब्लॉक आहे."

मुंबईबाहेरच्या मंडळींसाठी खुलासा. रविवारी रुळांची, सिग्नलची दुरुस्ती करायला रेल्वे काही तास गाड्या बंद ठेवते. मध्य रेल्वेवर त्याला म्हणतात मेगाब्लॉक आणि पश्चिम रेल्वेवर जंबोब्लॉक. गाडी न मिळालेल्या माणसाच्या दृष्टीने दोन्हीत काडीचाही फरक नाही. पण माझ्या भावाचं घरातलं नाव जंबो, तो राहतो मालाडला, आणि कित्येक वर्षं तो हा एकच विनोद पुरवून पुरवून वापरतो आहे. मीही दर वेळी हसते. न हसून सांगते कुणाला? पुढच्या रविवारी आहेच!

त्याला ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगायला हवं, की आमचा जंबो पाच फूट पाच इंच आहे आणि आयुष्यात कधीही साठ किलोच्या वर गेलेला नाही. त्याच्या लग्नाच्या बोलणीत कोणीतरी सहज म्हणालं, "जंबोला बोलवा." तर मुलीकडच्या सगळ्यांनी माना वळवून बघितलं ते आमच्या एका चांगल्या गोल गरगरीत मावसभावाकडे. तो बिचारा तेव्हा पोह्यांची दुसरी बशी घेत होता. भावजय अजूनही सांगते, की क्षणभर तिच्या पोटात गोळाच आला होता.

नाव ठेवलं मामाने. एप्रिल १९७१ मध्ये एअर इंडियाचं पहिलं बोइंग ७४७ मुंबईत आलं. त्याचं नाव 'सम्राट अशोक'. आम्ही पार्ल्याला राहायचो, मामा दोन गल्ल्या सोडून. विमानं डोक्यावरूनच जायची आणि मामाला विमानांचं वेड. नुसत्या आवाजावरून कुठलं विमान ते सांगायचा. त्या दिवशी तो कचेरीला दांडी मारून सायकलने सांताक्रूझच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि संध्याकाळी घरी आला तो साक्षात पांडुरंग पाहून आल्यासारखा. आता तो काय सांगतोय हे मला सहा वर्षांच्या मुलीला कळणं शक्य नव्हतं. विमानाला जिना असतो, वर आणखी एक मजला असतो, खिडक्यांभोवती राजवाड्यासारख्या महिरपी रंगवल्या आहेत, एवढं मात्र लक्षात राहिलं. पुढचे दोन महिने आमच्या घरात 'जंबो' याशिवाय शब्द नव्हता.

जूनमध्ये, धो धो पावसात, भाऊ झाला. दीड महिना आधी. वजन साडेतीन पौंड. कापसात गुंडाळलेलं, उशाला-पायथ्याला गरम पाण्याच्या बाटल्या लावलेलं ते एवढंसं गाठोडं मला लांबून दाखवलं. मला वाटलं बाहुली आहे. खोलीत कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. आजी माळ ओढत बसली होती. आणि मामा आत आला, वाकून बघितलं, आणि चांगला खणखणीत आवाजात म्हणाला, "वा! आलं का जंबो!"

आजी त्याच्यावर जे कडाडली ते मला अजून आठवतंय. आई मात्र हसली. नंतर कधीतरी आई म्हणाली होती, की बाळंतपणानंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा. बारसं रीतसर झालं, आजोबांच्या नावावरून चांगलं भारदस्त नाव ठेवलं, ते दाखल्यावर आहे, बँकेत आहे, आणि बाकी कुठेही नाही.

आता इथे थोडं विषयांतर करते, कारण या शब्दाने माझं डोकं बराच काळ खाल्लं आहे.

मोठ्या वस्तूंना आपल्याकडे शब्दांची काय वाण आहे? अवाढव्य, अगडबंब, अजस्र, धिप्पाड, टोलेजंग, भलंथोरलं. आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. धिप्पाड म्हणायचं तर त्यात जीव हवा. पैलवान धिप्पाड, बैल धिप्पाड, कपाट धिप्पाड नाही. टोलेजंग इमारतच. अगडबंब हा शब्द मला फार आवडतो, तो उच्चारतानाच गाल फुगतात. मग 'जंबो'ने येऊन कुठली रिकामी जागा भरली?

मी बसल्या बसल्या आठवून पाहिलं. जंबो पॅक. जंबो वडापाव. जंबो झेरॉक्स. जंबो सर्कस. पेपरवाल्यांचं जंबो मंत्रिमंडळ आणि पक्षाची जंबो कार्यकारिणी, ज्यात जंबो म्हणताना पत्रकाराने नाक मुरडलेलं स्पष्ट दिसतं. अनिल कुंबळेही जंबोच. त्याचा चेंडू एकदा जंबो जेटसारखा उसळला तेव्हा सिद्धूने आरोळी ठोकली, पुढे 'जेट' गळलं आणि 'जंबो' राहिलं, असं त्याने स्वतःच सांगितलं आहे. पण सह्याद्रीला कोणी जंबो म्हणत नाही. समुद्राला नाही. पुराला नाही, दुष्काळाला नाही. जी गोष्ट आपोआपच मोठी असते तिला जंबो चालत नाही. ज्याचा नेहमीचा, साधा आकारही दुकानात मिळतो आणि त्यापेक्षा हा मोठा आहे असं ओरडून सांगायचं असतं, तिथे जंबो. म्हणून तर कोळंबीसुद्धा जंबो असू शकते! अमेरिकेत अंड्यांच्या मापात 'एक्स्ट्रा लार्ज'च्याही वर 'जंबो' ही अधिकृत पायरी आहे. डझनाचं वजन निदान ३० औंस, म्हणजे साधारण ८५० ग्रॅम भरलं पाहिजे. थोडक्यात, हा बाजारातला शब्द आहे. पाटीवरचा.

तो बाजारात कसा आला हे मला कळलं ते भाचीमुळे. जंबोची मुलगी सध्या बॉस्टनजवळ राहते. तिने एक दिवस फोटो पाठवला. हिरवळीवर हत्तीचा भलामोठा ब्राँझचा पुतळा आणि खाली लिहिलेलं, "आत्या, इथे सगळीकडे बाबांचं नाव आहे!" ती टफ्ट्स विद्यापीठाच्या आवारातून चालत जात होती. तिथल्या विद्यार्थ्यांना, खेळाडूंना सगळ्यांना जंबोच म्हणतात. का म्हणतात ते शोधायला मी बसले आणि रात्रीचा दीड वाजला. (आमच्या घरी त्या रात्रीचं विरजण लागलं नाही ते यामुळे.)

जंबो नावाचा एक खराखुरा हत्ती होता. आज जिथे सुदान आणि इरिट्रियाची सीमा आहे त्या भागात १८६० च्या सुमारास जन्मलेला. शिकाऱ्यांनी आईला मारलं आणि पिल्लू पकडलं. वाळवंटातून चालवत, मग बोटीने, मग आगगाडीने ते युरोपात आलं, पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात राहिलं, आणि जून १८६५ मध्ये तिथून लंडनला आलं. बदल्यात लंडनवाल्यांनी पॅरिसला एक गेंडा दिला होता. लंडनला आलं तेव्हा ते पिल्लू कसं होतं? रोगट. अंगावर खरजेसारखे चट्टे, कमजोर, जगेल की नाही अशी अवस्था. मॅथ्यू स्कॉट नावाच्या रखवालदाराने ते हातात घेतलं, रात्रंदिवस जवळ बसून बरं केलं आणि मग आयुष्यभर सोडलं नाही.

आणि अशा त्या मरतुकड्या पिल्लाचं नाव जंबो!

मी इथे वाचता वाचता थांबले. मला ते कापसातलं गाठोडं आठवलं.

नाव कुठून आलं यावर विद्वानांचं एकमत नाही. स्वाहिलीत 'जांबो' म्हणजे नमस्कार, 'जुंबे' म्हणजे मुखिया, त्यावरून असेल असं काही म्हणतात. पण इंग्रजी बोलीभाषेच्या १८२३ च्या एका कोशात हा शब्द 'अवजड, बेंगरूळ माणूस' या अर्थाने आधीच सापडतो, म्हणजे हत्तीच्या जन्मापूर्वी चाळीसेक वर्षं. तेव्हा शब्द हत्तीने जन्माला घातला नाही. पण तो तसाच राहिला असता तर कुठल्यातरी कोशाच्या कोपऱ्यात पडून असता. त्याला जगभर नेलं ते हत्तीनेच.

पिल्लू वाढलं. वाढतच गेलं. लंडनच्या मुलांना सोळा-सतरा वर्षं त्याने पाठीवरून फिरवलं. राणीची नातवंडंसुद्धा बसली. दिवसा तो गरीब गाय, आणि रात्री मात्र थैमान घालायचा. भिंतींना धडका, दारं फोडणं, सुळे घासून घासून मोडून टाकणं. अधीक्षकाला वाटलं हा माजावर येतोय, उद्या एखाद्या पोराला मारेल. म्हणून १८८२ मध्ये तो अमेरिकेतल्या बार्नम या सर्कशीवाल्याला दोन हजार पौंडांना विकून टाकला. झालं! सारं इंग्लंड खवळलं. शाळकरी मुलांनी राणीला पत्रं लिहिली, प्रकरण कोर्टात गेलं. हत्ती पेटाऱ्यात जाईना, तो रस्त्यातच बसला. बार्नमला आनंदच झाला, फुकटात एवढी जाहिरात! जंबो टाय, जंबो टोप्या, जंबो सिगार दुकानांत आले. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला पोचला आणि काही आठवड्यांतच बार्नमचे पैसे वसूल झाले. जंबो हे विशेषण म्हणून पाटीवर चढलं ते असं. माझा बाजारातल्या शब्दाचा अंदाज अगदीच चुकला नव्हता म्हणायचा.

बार्नम त्याची उंची मोजू द्यायचा नाही. स्वतः सांगायचा ती जवळजवळ तेरा फूट. पुढे सापळ्यावरून काढलेली उंची भरते साधारण साडेदहा फूट. २०१७ मध्ये डेव्हिड अ‍ॅटनबरोंच्या एका माहितीपटासाठी शास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कच्या संग्रहालयातली त्याची हाडं पुन्हा तपासली. दोन गोष्टी कळल्या. एक, मेला तेव्हा तो चोवीसेक वर्षांचा होता आणि अजून वाढतच होता. हाडांची वाढ पुरी झाली नव्हती. म्हणजे जगाने ज्याला मोठेपणाचं माप ठरवलं तो हत्ती अजून वयातच यायचा होता. आणि दुसरी, त्याच्या दाढा. हत्तीच्या दाढा झाडपाला, साली चावून झिजतात आणि मागची नवी दाढ पुढे सरकते. याला आयुष्यभर मऊ गवत आणि मुलांनी दिलेले पाव. त्यामुळे दाढा झिजल्याच नाहीत, वाकड्यातिकड्या एकमेकींत घुसल्या. रात्रीचं ते थैमान बहुधा दाढदुखीचं होतं. ज्याची दाढ रात्री दोन वाजता ठणकली आहे त्याला हे वेगळं समजावून द्यायला नको.

१५ सप्टेंबर १८८५ ला कॅनडातल्या सेंट थॉमस गावी रात्रीचा खेळ संपवून रुळांवरून आपल्या डब्याकडे जाताना मालगाडीने त्याला उडवलं. स्कॉट बरोबर होता. बार्नमने कातडं पेंढा भरून उभं केलं, तेही शक्य तितकं ताणून मोठं दिसेल असं, आणि सापळा वेगळा उभा केला, आणि दोन्ही फिरवले. म्हणजे एकाचे दोन जंबो झाले. पुढे कातड्याचा जंबो टफ्ट्सला देणगी म्हणून गेला आणि तिथे १९७५ मध्ये आगीत जळाला. त्याची राख कुणीतरी शेंगदाण्याच्या लोण्याच्या रिकाम्या बरणीत भरून ठेवली. ती बरणी अजून आहे. खेळाडू सामन्याआधी तिला हात लावून जातात म्हणे.

असो. विमानाकडे येते, कारण ते टाळून पुढचं सांगता येणार नाही.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री 'सम्राट अशोक' दुबईला जायला सांताक्रूझहून उडालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात पडलं. २१३ माणसं. एकही वाचलं नाही. विमानाचा तिरकेपणा दाखवणारं कॅप्टनसमोरचं यंत्र बिघडलं होतं, बाहेर काळोखा समुद्र. दुसऱ्या दिवशी पेपर आला तेव्हा मामा आमच्याकडेच होता. त्याने तो पूर्ण वाचला, घडी घातली आणि काही न बोलता चपला घालून निघून गेला. पुढे बरेच दिवस डोक्यावरून विमान गेलं तरी त्याने वर बघितलं नाही.

त्या दिवशी दुपारी आजीने फर्मान काढलं. "आजपासून त्या मुलाला नावाने हाक मारायची. ते नाव घरात नको." भाऊ तेव्हा साडेसहा वर्षांचा. आम्ही सगळे त्याला भारदस्त नावाने हाका मारायला लागलो. मुलांना घरात पूर्ण नावाने कधी बोलावतात? ओरडायचं असेल तेव्हा. तो प्रत्येक हाकेला दचकायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन हळूच विचारायला लागला, "ताई, माझं काय चुकलंय?" मला काही सांगता येईना. त्याच संध्याकाळी आजीच स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे जंबो, फुलपात्रं घे रे!" आणि फर्मान संपलं. त्याच्याबद्दल परत कोणी बोललं नाही.

एप्रिल २०२१. मी पुण्यात, आई माझ्याजवळ, भाऊ मालाडला. ताप, मग खोकला, मग ऑक्सिजन नव्वदच्या खाली. वॉर्डाच्या वॉर रूममधून रात्री दोन वाजता खाट मिळाली ती गोरेगावला नेस्कोच्या मैदानावर. जिथे आम्ही पूर्वी फर्निचरची प्रदर्शनं बघायला जायचो, तिथे. त्या केंद्रांचं नाव तुम्हाला आठवतच असेल. जंबो कोविड सेंटर. पहाटे त्याचा मेसेज आला, "जंबो जंबोमध्ये दाखल."

मी हसले नाही. पहिल्यांदाच.

आईला सांगणं भाग होतं. तिला ऐकू कमी येतं. "जंबोत आहे तो," मी म्हटलं. "कोणाकडे?" "जंबोत, आई." तिला वाटलं त्याच्या नावाचं कुणीतरी काहीतरी काढलंय. चेहरा जरा खुललाच तिचा. मी तो तसाच राहू दिला.

आत कोणाला जाता येत नव्हतं. दिवसातून एकदा दोन मिनिटं फोन. मी काही अंधश्रद्धाळू बाई नाही, हे मला ओळखणारे सांगतील. पण तिसऱ्या दिवशी फोन उचलल्यावर माझ्या तोंडून त्याचं ते दाखल्यावरचं नाव आलं. ठरवून नाही. 'जंबो' हा शब्द जिभेवर येईना. टीव्हीवर दिवसभर तोच शब्द चालू होता, अमुक जंबोत इतके, तमुक जंबोत इतके.

पलीकडे बराच वेळ नुसता मास्कमधला श्वास ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "ताई, इतकं वाईट आहे का?"

मी म्हटलं, "नाही रे. डॉक्टर म्हणाले स्कोअर ठीक आहे." 

"मग नावाने काय हाक मारतेस?"

मला १९७८ मधलं त्याचं तोंड दिसलं. पन्नाशीचा बाप्या झालाय, पोरगी कॉलेजात, आणि तरी तेच तोंड. मी फोन कानाला तसाच धरून म्हटलं, "जंबो." नुसतंच. पुढे काही सुचेना. तो म्हणाला, "हं, आता बोल."

तेरा दिवसांनी घरी आला. अकरा किलो उतरला होता, आधीच कुठे काही होतं त्यातले अकरा. संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला, मामालाही जोडून घेतला. मामा ऐंशीचा, मोतीबिंदूचं ऑपरेशन टाळाबंदीत अडकलेलं. पडदा डोळ्याशी धरून त्याने बराच वेळ निरखून बघितलं. आम्ही सगळे गप्प.

"काय रे जंबो," मामा म्हणाला, "जरा बारीक वाटतोयस."